बापाची अब्रू आणि मुलाचे निवेदन

१

मराठी ग्रामीण कादंबरीतील आणि आत्मकथनातील बाप-मुलगा संघर्षाचा विचार बहुधा एका ठरीव सूत्राच्या आधारे केला जातो. बाप म्हणजे परंपरा आणि मुलगा म्हणजे परिवर्तन. बाप म्हणजे शेत आणि मुलगा म्हणजे शाळा. १९७०नंतर ग्रामीण साहित्याची चळवळ आकाराला आली. तिच्यातील बरेचसे लेखक शेतकरी कुटुंबातील पहिल्या शिकलेल्या पिढीचे होते. त्यामुळे हे सूत्र समीक्षेने सहजपणे स्वीकारले आणि अध्यापनाच्या सोयीने ते रूढही झाले. त्यात तथ्य नाही असे नाही. तथापि ह्या सूत्राने दोन गोष्टी दृष्टीआड केल्या आहेत. एक म्हणजे, ह्या संहितांतील संघर्ष क्वचितच दोघांत घडतो. बाप आणि मुलगा ह्यांच्यामध्ये जवळजवळ नेहमीच एक तिसरा पुरुष उभा असतो. दुसरी गोष्ट अशी की, ह्या संघर्षात पणाला लागलेली वस्तू 'नवा विचार' ही नसून अब्रू ही असते, आणि अब्रूची देवघेव कोणाच्या साक्षीने होते ह्यावर त्या संघर्षाचा अर्थ अवलंबून असतो.

ह्या दोन गोष्टी एकत्र आणल्या तर ग्रामीण साहित्यातील बापाचे वाचन बदलते. तो केवळ अडवणारा, मारणारा, आळशी किंवा अज्ञानी पुरुष राहत नाही. त्याच्याजवळ एकच मालमत्ता असते, तिच्यावरही त्याचा पूर्ण ताबा नसतो, आणि ती मुलाच्या हाती सोपविण्याची रीत त्याला ठाऊक नसते. हे वाचन बापाला निर्दोष ठरविण्यासाठी नाही. त्याच्या दोषाचे मूळ नेमके कोठे आहे हे पाहणे, एवढाच त्याचा हेतू आहे.

२

अब्रू, इभ्रत, पत, मान, नाव हे शब्द गावाच्या व्यवहारात परस्परांच्या जागी वापरले जात असले तरी त्यांचे अर्थ एक नाहीत. मान दिला जातो आणि घेतला जातो. लग्नातील मानपान, बैलपोळ्याला पहिली जोडी कोणाची, पंक्तीत पाट कोणाचा, ह्या त्याच्या जागा होत. पत बाजारात आणि सावकाराच्या ओट्यावर मोजली जाते. अब्रू मात्र मिळविता येत नाही. ती असते आणि जाते. मराठीत अब्रू 'जाते', 'घेतली जाते', 'राखली जाते', 'झाकली जाते'; ती 'कमावली' असे सहसा कोणी म्हणत नाही. भाषेच्या ह्या सवयीत एक समाजशास्त्र दडलेले आहे. अब्रू ही आधीच्या पिढीकडून आलेली ठेव आहे आणि पुढच्या पिढीपर्यंत ती न गमावता नेणे एवढेच पुरुषाचे काम आहे, अशी ती समजूत होय.

जे. जी. पेरिस्टियानी ह्यांनी १९६५ साली संपादित केलेल्या भूमध्यसागरी समाजांविषयीच्या ग्रंथामुळे मानवशास्त्रात सन्मान आणि लज्जा ह्या जोडीची चर्चा रूढ झाली. ज्यूलियन पिट-रिव्हर्स ह्यांनी त्यात सन्मानाची दोन अंगे सांगितली : माणसाची स्वतःच्या नजरेतील किंमत आणि समाजाने त्या किमतीला दिलेली मान्यता. अल्जीरियातील कबाइल समाजाविषयी लिहिताना पिएर बोर्द्यू ह्यांनी दाखवून दिले की, सन्मानाचे आव्हान बरोबरीच्या माणसाकडूनच येऊ शकते. बरोबरीचा नसलेल्याचे आव्हान हे आव्हानच ठरत नाही. मराठी गावाला हे सिद्धांत जसेच्या तसे लावता येत नाहीत. येथे अब्रूचे वाटप जातीने आणि जमिनीने आधीच झालेले असते. बरोबरीचे असे फक्त भाऊबंद असतात, आणि म्हणूनच भाऊबंदकी एवढी कडवी असते. वरच्याकडून झालेला अपमान हा अपमान म्हणून मोजावयाचा की नाही, हा प्रश्न खालच्याला आयुष्यभर सोडविता येत नाही. मराठी ग्रामीण साहित्यातील बापाचे दुखणे येथून सुरू होते.

ह्या व्यवस्थेत तारुण्याला स्वतःचे स्थान नाही. मुलाला मिसरूड फुटते, तो 'हाताखाली येतो'. म्हणजे त्याच्या श्रमाची गणना होऊ लागते, मताची नाही. बाप जिवंत आहे तोवर त्याची ओळख 'अमक्याचा पोरगा' अशीच राहते, मग त्याचे केस पांढरे झालेले असोत. बापाच्या मृत्यूनंतर दिवसकार्याला सोयरे पागोटे किंवा टॉवेल-टोपी घालतात, तेव्हा तो चारचौघांत पुरुष म्हणून उभा राहतो. महसुली कागदांनीही ही रीत आपल्या पद्धतीने नोंदविलेली आहे. वारसनोंदीचा फेरफार होतो आणि कित्येकदा थोरल्या मुलाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' ही अक्षरे येतात. एकत्र कुटुंबाचा हा 'मॅनेजर' होण्यासाठी बाप मरावा लागतो. तारुण्य म्हणजे अशा स्थितीत एक दीर्घ प्रतीक्षा होय. जो थांबत नाही त्याला बापाची अब्रू बापाच्या हयातीतच ओलांडावी लागते, आणि ती ओलांडण्यासाठी साक्षीदार शोधावा लागतो.

३

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) बाप-मुलगा हा संबंध रक्ताचा नाही. औंध संस्थानातील माणदेशी धनगरवाडीवर शाळामास्तर म्हणून आलेला राजाराम सौंदणीकर हा कोवळ्या वयाचा तरुण आहे. वाडीच्या वयाच्या मोजणीत तो पोरच ठरला असता. तथापि संस्थानाने दिलेल्या नोकरीमुळे त्याला मास्तर ही पदवी मिळालेली आहे आणि तिच्या बळावर म्हातारी माणसे त्याच्याकडे कागद वाचून घ्यावयास, तंटा सांगावयास येतात. प्रतीक्षेवाचून मिळालेला हा मान आहे. वाडीच्या अंतर्गत क्रमाशी त्याचे नाते नाही.

हा मान टिकतो तो वृद्ध कारभाऱ्यामुळे. वाडीची अब्रू ज्याच्या ठायी एकवटलेली आहे असा हा पुरुष मास्तराला आपल्या छत्राखाली घेतो, आणि मास्तराचा शब्द वाडीवर चालतो. अंजी ह्या तरुण मुलीवरून कारभाऱ्याच्या मनात किंतु येतो तेव्हा मात्र हे छत्र किती सहज काढून घेतले जाऊ शकते हे उघड होते. मास्तराने काही केले आहे काय, हा प्रश्न तेथे गौण आहे. तो तरुण आहे एवढेच पुरेसे आहे. तारुण्य ही वाडीच्या अब्रूला असलेली संभाव्य धास्ती आहे, आणि मास्तर हे पद त्या धास्तीवर घातलेले पातळ पांघरूण आहे. समीक्षेने ह्या प्रसंगाकडे गैरसमजाचा प्रसंग म्हणून पाहिले. पण कारभाऱ्याच्या बाजूने त्यात गैर काहीच नाही. अब्रूच्या तर्कशास्त्रात संशय हाच पुरावा असतो.

मास्तराच्या पुढाकाराने वाडीने श्रमदानातून तालीम उभारली, तिचे उद्घाटन करावयास खुद्द राजेसाहेब आले, ही घटना ह्या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. तालीम ही तरुण देहांना गावाने दिलेली मान्य जागा आहे. येथे तारुण्याला लाज वाटू न देता दिसता येते. आणि तिला मान्यता मिळावी म्हणून वाडीला पुन्हा एका वरच्या पुरुषाची साक्ष लागते. वाडीतील तरुणांनी उभारलेल्या भिंतींना अर्थ येतो तो राजाच्या आगमनाने. पुढे दुष्काळ येतो, वाडी उठते आणि ज्या समूहाच्या नजरेत ही सर्व अब्रू होती तो समूहच पांगतो. कादंबरीच्या शेवटाची उदासी केवळ दुष्काळाची नाही. पाहणारेच न उरल्यावर मानाचे काय होते, ह्याचीही ती उदासी आहे.

४

आनंद यादवांच्या 'झोंबी'त (१९८७) तिसऱ्या पुरुषाची साक्ष अधिक उघडपणे येते. १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या ह्या आत्मचरित्रात्मक कादंबरीतील दत्ताजीरावांच्या वाड्यावरचा प्रसंग सर्वज्ञात आहे. शाळा सुटलेला आनंदा आणि त्याची आई वाड्यावर जाऊन गाऱ्हाणे घालतात, दत्ताजीराव बापाला बोलावून खडसावतात आणि मुलाची शाळा पुन्हा सुरू होते. ह्या प्रसंगाचे रूढ वाचन असे की, शिक्षणाच्या ध्यासाने बापाच्या अडाणी विरोधावर मात केली.

प्रसंगाची रचना बारकाईने पाहिली तर वेगळे काही दिसते. वाड्याचे बोलावणे येते तेव्हा बापाला ते मानाचे वाटते. सरकारांनी आपली आठवण काढली म्हणून तो तत्परतेने जातो. ज्या बोलावण्याला तो सन्मान समजतो त्याच्या आत त्याचा अवमान आधीच मांडून ठेवलेला आहे, आणि तो मांडणाऱ्यांत त्याची बायको आणि त्याचा मुलगा आहेत. आपण आधी येऊन गेलो हे दत्ताजीरावांनी बापाला सांगू नये, अशी त्यांची विनवणी आहे. आई घरी भाजी देण्याचे निमित्त सांगते. मुलगा थोड्या वेळाने, जणू काही माहीत नाही अशा रीतीने, वाड्यावर येतो. बापाला धारेवर धरले जाते ते मुलाच्या समोर. बापही आपली बाजू सावरण्यासाठी मुलाच्या वागण्यातील खोड्या मांडतो. म्हणजे मोठ्याच्या दरबारात बाप आणि मुलगा एकमेकांची अब्रू बाहेर काढतात. निवाडा मुलाच्या बाजूने होतो.

हा निवाडा कोण देतो ही गोष्ट महत्त्वाची आहे. शाळेची बाजू घेणारा पुरुष सुधारक नाही, शिक्षकही नाही. तो वाड्याचा मालक आहे. म्हणजे आधुनिकतेचा दरवाजा उघडतो तो सरंजामी अधिकाराच्या किल्लीने. बापावर मात होते ती शिक्षणाच्या मूल्याने नव्हे. बापाहून मोठ्या अब्रूने ती होते. 'परंपरा विरुद्ध परिवर्तन' हे सूत्र येथे कोलमडते, कारण परिवर्तनाच्या बाजूला सर्वात जुनी सत्ता उभी आहे. बोर्द्यूंच्या परिभाषेत बोलावयाचे तर बापाला उत्तर देण्याची सोयच नाही, कारण आव्हान बरोबरीच्याकडून आलेले नाही. बरोबरीच्या माणसाने असे सुनावले असते तर भांडण झाले असते आणि बापाची मान ताठ राहिली असती. येथे त्याला मान खाली घालून 'होय' म्हणावे लागते.

त्यानंतर बाप ज्या अटी घालतो त्यांकडे सूडबुद्धी म्हणून पाहिले जाते. शाळेच्या वेळेपर्यंत शेतात पाणी पाजावयाचे, शाळा सुटल्यावर गुरे चारावयाची, काम पडेल तेव्हा शाळा बुडवावयाची. ह्या अटींत क्रौर्य आहेच. परंतु वाड्यावर गमावलेला अधिकार घराच्या उंबऱ्याच्या आत पुन्हा उभा करण्याची धडपडही त्यांत आहे. बाहेर हरलेला पुरुष आत वसुली करतो, आणि ती वसुली बायकोच्या आणि मुलांच्या देहावर होते. अब्रूच्या ह्या व्यवहारात स्त्रीचे स्थान फार विलक्षण आहे. आईच हा सर्व डाव रचते, त्याची जोखीम तीच उचलते. मार बसला तर तो तिला बसणार असतो. मुलाच्या पुरुषत्वाची किंमत ती मोजते आणि निवाड्याच्या क्षणी तिचे नाव घेतले जाऊ नये अशी व्यवस्थाही तिलाच करावी लागते. दोन पिढ्यांतील पुरुषांच्या ह्या संबंधात खरी कर्ती स्त्री आहे. पण अब्रूची भाषा तिला कर्ता म्हणू शकत नाही.

५

'झोंबी'तील बापाजवळ गमावण्यापुरती तरी अब्रू होती. ज्या समाजांना गावाने अब्रूच्या हिशेबातच धरले नाही, त्यांच्या आत्मकथनांत ह्या प्रश्नाचे रूप मुळातून बदलते. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) निवेदन दगडू आणि दया अशा दोन व्यक्तिरेखांत विभागलेले आहे. ही योजना निव्वळ तंत्राची नाही. शिकून मध्यमवर्गात आलेला पुरुष आपल्याच बालपणीच्या पुरुषाला समोर बसवून त्याची हकीकत ऐकतो, कारण ती एका तोंडाने सांगणे त्याला शक्य होत नाही. लाज ही येथे दोन देहांत वाटून घ्यावी लागते.

शरणकुमार लिंबाळे ह्यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) तर बाप ही जागाच वादग्रस्त आहे. जमीनदार पाटलापासून दलित स्त्रीला झालेला हा मुलगा. शाळेत नाव घालताना वडील म्हणून कोणाचे नाव लावावयाचे हा त्याच्यापुढील पहिला प्रश्न. 'झोंबी' आणि 'अक्करमाशी' शेजारी ठेवल्या की एक विरोध स्पष्ट होतो. एकीत बाप मुलाला शाळेत जाऊ देत नाही. दुसरीत शाळा मुलाला बापावाचून आत येऊ देत नाही. पहिल्या मुलाला बापाच्या नावाचे ओझे आहे, दुसऱ्याला ते नाव मिळविण्यासाठीच झगडावे लागते. आणि ज्याचे नाव हवे आहे त्याची अब्रू नेमकी ते नाव न देण्यावर उभी आहे. उच्चवर्णीय पुरुषाचे नाव निष्कलंक राहावे म्हणून मुलाने निनावी राहावयाचे असते. अब्रू ही सर्वांना कमीअधिक प्रमाणात वाटलेली वस्तू नसून एकाची अब्रू दुसऱ्याच्या बेअब्रूवर पोसलेली असते, हे 'अक्करमाशी'ने जितक्या थेटपणे दाखविले तितके ग्रामीण साहित्याने क्वचितच दाखविले. ग्रामीण बापाच्या दुःखाविषयी बोलताना ही मर्यादा विसरता येणार नाही. वाड्यावर मान खाली घालणारा शेतकरी बाप गावकुसाबाहेरच्या माणसापुढे मान ताठ ठेवूनच चालत असतो.

६

नव्या शतकातील कादंबरीत ही देवघेव एका वेगळ्याच टप्प्यावर येते. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधील (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) एकनाथ तनपुरे हा 'झोंबी'तील मुलाचा पुढचा वंशज म्हणता येईल. त्याच्या शिक्षणाला कोणी अडविलेले नाही. तो उच्चशिक्षित आहे, आणि तरीही शेतातच आहे, कारण नोकरीसाठी लागणारा पैसा घराजवळ नाही. वडील सुभानराव आणि धाकटा भाऊ मधू ह्यांच्यासह त्याच घरात तो अडकलेला आहे. शेत विकून पैसा उभा करावा की नाही, हा घरातील वादाचा विषय होतो. शिक्षणामुळे मिळालेली पत्नी अलका ह्या जगण्याशी जुळवून घेऊ शकत नाही.

येथे बाप आणि मुलगा ह्यांच्यात पणाला लावावयास काही उरलेलेच नाही. सुभानरावांजवळ मुलाच्या हाती सोपविण्यासारखी पत नाही आणि एकनाथाजवळ बापाला ओलांडून जाण्याइतके पद नाही. दोघेही एकाच बाजारापुढे, एकाच कर्जापुढे, एकाच कोरड्या आभाळाखाली खाली पाहत उभे आहेत. तिसरा पुरुषही बदलला आहे. दत्ताजीरावांना चेहरा होता, वाडा होता. त्यांच्यापुढे गाऱ्हाणे घालता येत होते. संस्थाचालक, दलाल, बँक आणि बाजारभाव ह्यांच्यापुढे ते घालता येत नाही, कारण त्यांना ह्या घराच्या अब्रूशी काही देणेघेणे नाही. खडसावणाऱ्याने निदान माणूस ओळखलेला असतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची जी मालिका समोर आली, तिच्या आर्थिक कारणांची चर्चा पुष्कळ झाली. कर्ज फिटत नाही ह्यापेक्षा कर्ज चारचौघांत उघडे पडले हे अनेकदा असह्य होते. ह्या असह्यतेला भाषा देण्याचे काम कादंबरीचे आहे, आणि 'बारोमास'ने ते काही अंशी केले आहे.

नेमाड्यांच्या दोन कादंबऱ्यांतील अंतरही ह्या दृष्टीने बोलके आहे. 'कोसला'तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर गावातल्या वजनदार बापाच्या पैशावर पुण्यात शिकतो आणि पंचविशीत रिकाम्या हाताने परततो. बापाचा अधिकार त्याला नको आहे, पण त्यापासून सुटकाही नाही. 'हिंदू'तील (२०१०) खंडेराव परततो तो वडील मृत्युशय्येवर असताना. पागोटे बांधून घेण्याचा क्षण आता टळणार नसतो. सत्तेचाळीस वर्षांच्या अंतराने तोच प्रश्न पुन्हा मांडताना कादंबरीकाराने वारशाला 'अडगळ' म्हटले आणि तिला 'समृद्ध' हे विशेषणही जोडले. वारसा टाकता येत नाही आणि वापरताही येत नाही, ही अवस्था ह्या दोन शब्दांत नेमकी आली आहे.

वास्तव मात्र कादंबरीच्या पुढे गेले आहे. २०२२च्या डिसेंबरात सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. मुलींचे घटलेले प्रमाण आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याची अंमलबजावणी हे त्यांच्या मागणीचे विषय होते. वृत्तपत्रांना त्यात गंमत दिसली. पण ज्या समाजात लग्न न होणे ही घराने झाकून ठेवावयाची गोष्ट होती, तेथील मुलांनी ती स्वतः रस्त्यावर आणली, ही साधी घटना नव्हे. नाव चालविण्यासाठी मुलगाच हवा असे म्हणणाऱ्या बापांच्या अब्रूचा हिशेब त्यांचे मुलगे मुंडावळ्या बांधून शासनाकडे मागत होते. तिसरा पुरुष आता जिल्हाधिकारी झाला आहे.

७

ह्या सर्व संहितांत एक गोष्ट समान आहे. निवेदन मुलाकडे आहे, किंवा मुलाच्या वयाच्या, शिकलेल्या पुरुषाकडे आहे. बाप बोलतो तो मुलाने आठवलेल्या संवादांत. ग्रामीण साहित्य हे शिकलेल्या मुलांचे साहित्य असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु ह्यातून एक नैतिक प्रश्न निर्माण होतो आणि समीक्षेने तो टाळला आहे. ज्या बापाने अब्रू झाकण्यात आयुष्य घालविले, त्याचे मारणे, त्याचा आळस, त्याचा पराभव मुलाने छापून चारचौघांत मांडणे ही अब्रूच्या व्यवस्थेत सर्वात मोठी आगळीक होय. वाड्यावर घातलेले गाऱ्हाणे पुस्तकात पुन्हा घातले जाते. ह्या वेळी दत्ताजीरावांच्या जागी वाचक आहे, आणि निवाडा ह्याही वेळी मुलाच्याच बाजूने होतो. पुरस्कार हा त्या निवाड्याचाच एक प्रकार आहे.

म्हणून हे लेखन झाले नसते तर बरे, असा ह्याचा अर्थ नव्हे. घराच्या चार भिंतींत अब्रूच्या नावाखाली जे चालते ते बाहेर आल्यावाचून ती व्यवस्था हलत नाही. 'बलुतं' आणि 'अक्करमाशी' ह्यांचे सामर्थ्य त्याच धैर्यात आहे. प्रश्न वाचकाच्या जागेचा आहे. शहरी, शिकलेला वाचक ह्या पुस्तकांतील बापावर रागावतो आणि मुलाच्या यशाने सुखावतो, तेव्हा तो नकळत वाड्याच्या ओसरीवर बसलेला असतो. श्रेष्ठ संहिता ह्या जागेची त्याला जाणीव करून देतात. 'झोंबी'त बाप मानाचे बोलावणे समजून वाड्याकडे निघतो त्या ओळींपाशी यादवांचे निवेदन क्षणभर बापाच्या बाजूने पाहते. तो क्षण पुढच्या सर्व रागाला पुरून उरतो. मुलाला ठाऊक आहे की तेथे काय वाढून ठेवले आहे. बापाला ठाऊक नाही. ही जाणीव मुलाने लपविली नाही.

ग्रामीण साहित्याच्या पुढील वाटचालीत बापाचे निवेदन येईल काय, हा प्रश्न आता विचारावयास हवा. १९७०च्या सुमारास शाळेसाठी झगडणारी मुले आज स्वतः बाप, आजे झाली आहेत. त्यांची मुले त्यांना न विचारता शेत विकावयास सांगत आहेत, आणि ज्यांच्याकडे गाऱ्हाणे घालावे असा वाडा आता कोठे नाही. त्या बाजूने लिहिले जाईल तेव्हा मुलाने घेतलेल्या निवाड्याचे फेरवाचन होईल. तोवर समीक्षेने निदान एवढे करावे : बापाला परंपरा म्हणणे सोडावे, आणि तो वाड्याकडे निघाला तेव्हा त्याच्या चालण्यात जी घाई होती तिच्याकडे पाहावे.